सकाळी जड, दुपारी हलकं

दादाने गाडीची किल्ली जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेवली आणि म्हणाला, "सोमवारपासून सकाळची फेरीसुद्धा सूनबाई करेल. मी खाली बसून घड्या घालीन."

एवढं बोलून तो जेवायला लागला. आम्हा तिघींचे हात मात्र ताटातच थांबले.

"घड्या?" वहिनी म्हणाली. "तुम्ही?"

प्रश्न रास्त होता. दादाने घडी घातलेली चादर आमच्या लाँड्रीत पुन्हा धुवायच्या ढिगात जाते, कारण बघणाऱ्याला ती नुकतीच कुणाच्या अंगावरून काढल्यासारखी वाटते.

"शिकेन," दादा म्हणाला.

"या वयात?"

"वयाचंच तर म्हणतोय मी."

सूनबाईने किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि घास तोंडात घातला. शहाणी मुलगी आहे. तोंडात घास असला की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, हे तिला या घरात आल्या आल्या कळलं होतं. तिचा नवरा, म्हणजे दादा-वहिनीचे चिरंजीव, जहाजावर नोकरीला. वर्षातून दोनदा उगवतात, चार मळके गठ्ठे आणि पुष्कळ सल्ले घेऊन. तेव्हा घरातले चालते हात चौघांचेच, आणि त्यातले दोन आता घड्या घालणार म्हणत होते.

लाँड्री आमच्या घराखालीच आहे. मागच्या खोलीत धुलाईची यंत्रं, मधल्या खोलीत चादरी सपाट करणारा मोठा गरम रोलर, आणि पुढे रस्त्याच्या बाजूला मोजणीची खिडकी. धुलाई आणि रोलर वहिनीकडे. गाडीची सकाळची फेरी दादाकडे, म्हणजे दवाखाना, दोन हॉटेलं आणि वृद्धांचं वसतिगृह. दुपारची फेरी सूनबाईकडे. मोजणीच्या खिडकीवर मी, दादाची धाकटी बहीण. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं जुळलं पाहिजे, एवढंच माझं काम. त्या खिडकीने मला एकच गोष्ट शिकवली आहे: चादर हरवत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या गठ्ठ्यात गेलेली असते.

तर दादाच्या या घोषणेचा मेळ मला लागेना. जो माणूस तापातही स्वतः गाडी काढायचा, "इंजिन माझा हात ओळखतं" असं म्हणायचा, तो एका जेवणात किल्ली ठेवून मोकळा कसा होतो? आणि तेही वहिनीशी न बोलता. सकाळची फेरी ही नुसती फेरी नव्हती. वहिनी शेजारी बसून जायची. कारण असं सांगायची की दवाखान्यातली बाई मोजणीत वाद घालते आणि दादा पडला भिडस्त. खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दिवसभर एक यंत्राच्या आवाजात आणि दुसरा रस्त्यावर. दोघांना शेजारी शेजारी बसायला मिळायचं ते त्या गाडीतच. परत येताना दोघं हसत उतरायची आणि कशाला हसलात विचारलं तर सांगायची नाहीत.

पण थंडी सुरू झाल्यापासून वहिनीने जाणं सोडलं होतं. "रोलर बघायचाय," म्हणायची आणि उजाडण्याआधीच मधल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. दादाने का म्हणून विचारलं नाही. नवऱ्याने विचारलं नाही, बायकोने सांगितलं नाही. मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंना एकेक शून्य मांडून ठेवलं.

मग आणखीही काही दिसू लागलं. दादा आपले सदरे आपण धुवायला लागला. ज्या घरात रोज चादरींचे डोंगर धुतले जातात, तिथे एक माणूस मोरीत उभा राहून एकच सदरा घासतोय, हे काही साधं लक्षण नव्हे. एकदा सूनबाई त्याच्या मागून गेली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या खांद्याला कापराचा वास येतोय."

"कुठे काय?" दादा म्हणाला.

आमची तिघांची नाकं ब्लीचने केव्हाच मारून टाकलेली आहेत. दूध उतू गेलं तरी आम्हाला ते डोळ्यांनीच कळतं. वास घेण्याचं काम घरात सूनबाईकडे. ती म्हणाली म्हणजे कापूर होताच, आणि सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर मलमाचा डाग होता म्हणूनच तो मोरीत गेला होता.

त्याच आठवड्यात दादाने तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी स्टिअरिंग कसं वाटतं गं गाडीचं?"

"लोण्यासारखं, बाबा."

"छान," तो म्हणाला. पण डॉक्टरने वाईट बातमी दिल्यावर माणूस 'बरं' म्हणतो ना, तशा आवाजात.

म्हणून त्याने किल्ली ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शाल गुंडाळली आणि गाडीत जाऊन बसले.

दादा आला. हातात कापड होतं. काचेवर बर्फाची साय धरली होती, ती खरवडून त्याने दार उघडलं आणि मला बघून थबकला.

"तुला काय पाहिजे?"

"काही नाही. वहिनीची जागा रिकामी आहे, बसून बघते."

"मोजणी कोण करणार?"

"चादरी पळून नाही जात."

त्याने गाडी सुरू केली. बॉनेटखालून एक लांब, नाखूश कण्हणं आलं. मग त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं, उजवा खांदा वर उचलला, ओठ आवळले आणि वळवायला लागला. आमच्या फाटकातून बाहेर पडायला एकच वळण लागतं. त्या दिवशी तीन लागली. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. फाटकाच्या खांबावर गाडीच्या रंगाचा ओरखडा होता. मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"बघितलंस?" दादा म्हणाला.

"काय?" मी म्हटलं.

"चिमणे, खोटं बोलताना तू कान खाजवतेस. लहानपणापासून."

मी हात खाली घेतला. गाडी रस्त्याला लागली तसा तो हळूहळू बोलायला लागला. रस्त्याकडे बघत बोलणं दादाला सोपं जातं. बहुधा वहिनीशीही तो इतकी वर्षं असाच बोलत आला असणार.

"गाडीचं सगळं बघून झालं," तो म्हणाला. "टायरमधली हवा बघितली, बरोबर आहे. स्टिअरिंग हलकं करणाऱ्या पंपाचा पट्टा बघितला, चांगला ताणलेला आहे, कुठे भेग नाही. स्टिअरिंगचं तेल बघितलं, डबी काठोकाठ. उन्हाळ्यात नळीच्या जोडातून थोडं झिरपत होतं, तेव्हाच जोड आवळून वर तेल घातलं होतं. थंडीत जड लागायला लागलं तेव्हा वाटलं जुनं तेल खराब झालं असेल. पिचकारीने डबीतलं सगळं उपसलं आणि आपल्या डब्यातलं नवं भरलं. एकदा नाही, दोनदा."

"मग?"

"मग आणखी जड. म्हणजे गाडीत काही दोष नाही. राहिलं कोण?"

"थंडीत गाड्या अडतात, दादा."

"थंडीत म्हातारे अडतात. हीच गाडी दुपारी तिच्या हातात लोणी होते."

"आणि तुझ्या हातात? परत येताना?"

"येताना जरा हलकी होते. तोवर माझे हात मोकळे झालेले असतात ना."

पुरावा एकच, आणि त्याने तो स्वतःच्या नावावर लावून घेतला होता. आमच्या घराण्याची खोडच आहे ही. वाटा घेताना मागे आणि दोष घेताना पुढे.

दवाखान्याच्या मागच्या उतारावर त्याने गाडी अगदी गोगलगायीसारखी नेली. खाली थांबल्यावर इंजिन बंद केलं, पण उतरला नाही.

"परवा इथे चाक वेळेवर वळलं नाही," तो म्हणाला. "पेशंटची एक ढकलगाडी उभी होती, ती घासली. रिकामी होती."

मी आरशातून मागच्या उताराकडे पाहिलं.

"रिकामी होती, चिमणे. पण दर वेळी रिकामीच असेल असं नाही. माझ्याच हाताचा मला भरवसा नाही, तर दुसऱ्यांनी का धरावा? म्हणून ठेवली किल्ली. वहिनीला काही सांगू नकोस. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं ना, तरी मी त्या दिवसापासून म्हातारा होईन."

"सूनबाईला एकदा असं सकाळी चालवून बघू दे," मी म्हटलं. "थंड गाडी."

"नको."

"का नको?"

त्याने काचेवर धरलेली वाफ बाहीने पुसली. "तिच्या हातात हलकी लागली तर मग निकालच लागला. आत्ता निदान थोडी शंका आहे."

म्हणजे नापास व्हायला नको म्हणून पेपरच न देणारा विद्यार्थी. आणि तो पेपर चुकवण्यासाठी आयुष्यभराची फेरी सोडून द्यायला तयार. मी मनात म्हटलं, दादा, तुझा हा व्यवहार मी तरी होऊ देणार नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सोमवारी अंधुक उजेडात नवा हात फाटकातून गाडी काढणार. खांब आधीच जखमी आहे. उद्या शनिवार, हॉटेलांची घाई नाही. पोरीला सराव करू दे एकदा."

"बरोबर म्हणतायत वन्सं," वहिनी म्हणाली. "एकदम कुणाच्या हातात गाडी देऊ नये."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी त्याची भिंगरी मी विहिरीत टाकली होती, तेव्हासुद्धा असं पाहिलं नसेल. पण घोषणा त्याचीच होती.

शनिवारी पहाटेपासून कडाका होता. अंगणात टाकलेलं फडकं उचललं तर पत्र्यासारखं ताठ. सूनबाई हातमोजे घालून गाडीत बसली. दादा बाजूला खिशात हात घालून उभा, आणि तोंड भिंतीकडे. त्याला बघायचं नव्हतं. मधल्या खोलीचं दार उघडून वहिनीही आली, हात पदराला पुसत.

गाडी कण्हली आणि सुरू झाली. सूनबाईने चाक धरून वळवलं. म्हणजे वळवायला गेली.

काही झालं नाही.

"बाबा, याला कुलूपबिलूप आहे का?" तिने खिडकीतून विचारलं.

"कसलं कुलूप?"

"वळत नाहीये." तिने हातमोजे काढले, सीटवर पुढे सरकली आणि पुन्हा जोर लावला. चाक हललं, पण इतक्या नाराजीने की पोरीचा चेहरा लाल झाला. "हे काय आहे? दगड आहे हा."

दादाने भिंतीकडचं तोंड वळवलं. "काय म्हणालीस?"

"दगड."

"पुन्हा फिरव."

"फिरत नाही, बाबा."

"नीट सांग. जड आहे की फार जड आहे?"

"मला दोन्ही हात आणि एक पाय लावावा लागेल, एवढं जड आहे."

नादुरुस्त गाडीकडे इतक्या प्रेमाने बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. दादाने खिशातून हात काढले, त्यांच्याकडे एकदा बघितलं, जुने भागीदार खोट्या आळातून सुटून घरी यावेत तसं, आणि मग बॉनेटवर थाप मारली. "तू!" तो गाडीला म्हणाला. त्या सकाळी कुणी आवाज चढवला असेल तर तो तेवढाच.

"बाबा, तुम्ही हे रोज एकट्याने फिरवत होता?" सूनबाई खाली उतरत म्हणाली.

आणि इथे वहिनीला कळलं. ती दोन पावलं पुढे आली. "रोज?" ती म्हणाली. "अहो, रोज असंच होतं? म्हणून किल्ली ठेवलीत? आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू कुठे असायचीस शेजारी अलीकडे?" दादा म्हणाला.

वहिनी आपल्या हातांकडे बघू लागली. सूनबाईने बॉनेट उघडलं.

दादाने तिला स्टिअरिंगच्या तेलाची डबी दाखवली. तिने झाकण फिरवून काढलं, आत डोकावली, आणि नाक मुरडून मागे झाली. मग पुन्हा पुढे होऊन नीट वास घेतला.

"हा वास मला माहितेय," ती म्हणाली. "विझलेल्या काडीसारखा. रोलरच्या गिअरपेटीचं झाकण उघडलं की पूर्वी असाच यायचा." ती थांबली. "आता तिथे नाही येत. अलीकडे येत नाही."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने जिन्याखाली पाहिलं.

जिन्याखाली दोन डबे असतात. एकात गाडीच्या स्टिअरिंगचं तेल, एकात रोलरच्या गिअरपेटीचं. दोन्ही डबे मुळात कपडे मऊ करणाऱ्या औषधाचे, सारखेच पांढरे, सारख्याच उंचीचे, कारण वहिनी रिकामा डबा टाकत नाही आणि मोठ्या पिंपातलं तेल यांतच ओतून ठेवते. त्यांच्यावर नाव लिहिलेलं नाही. वहिनीचा अक्षरावर विश्वास नाही. शाई धुऊन जाते, कागद विरघळतो, खरं बोलतो तो धागा, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना जशी रंगीत खूण, तशी घरातल्या प्रत्येक वस्तूला. डब्यांच्या गळ्यात चिंध्या होत्या: निळ्या चौकटींची गाडीची, पिवळी रोलरची.

सूनबाईने दोन्ही डबे अंगणात आणले. खराब झालेल्या एका उशीच्या अभ्र्यावर आधी पिवळ्या चिंधीचा डबा कलता केला. लालसर तेल पाण्यासारखं धावलं आणि अभ्रा गुलाबी झाला. मग निळ्या चिंधीचा कलता केला. आधी काहीच आलं नाही. मग शाळेत निघालेल्या पोरासारखा पाय ओढत एक जाड, पिवळट थेंब तोंडाशी आला आणि तिथेच लोंबत राहिला.

"हे मी गाडीत घातलं?" दादा म्हणाला.

"दोनदा," मी म्हटलं. "औषध म्हणून."

"उन्हाळ्यात पातळ असेल, तेव्हा कळलं नाही. दुपारी इंजिन तापतं, तेव्हाही कळत नाही," सूनबाई म्हणाली. "सकाळी थंडीत त्याचा गोळा होतो. पंप तरी काय करणार? पण बाबा, रंगावरून नाही कळलं?"

"डबा आरपार थोडाच दिसतो? आणि डबीतलं जुनं तेल काळंच होतं." त्याने निळी चिंधी बोटात धरली. "पण चिंधी तर बरोबर आहे. निळी, गाडीची."

"चिंधी बरोबर आहे," वहिनी फार हळू म्हणाली. "डबा बरोबर नाही. मी चिंध्या धुतल्या होत्या."

"चिंध्या?"

"उन्हाळ्यात, साफसफाईच्या वेळी. मळल्या होत्या."

"अगं, तेलाच्या डब्यांच्या चिंध्या मळणारच."

"म्हणून मळक्या ठेवायच्या? लाँड्री आहे ना आपली?"

"बरं, धुतल्यास. मग?"

"मग इस्त्री केली."

सूनबाईने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"आणि परत बांधल्या कुणी?" मी विचारलं, कारण कुणीतरी विचारायला हवं होतं.

"यांना दिल्या बांधायला," वहिनी म्हणाली. "दोन डबे दाखवले, सांगितलं की ही निळी डावीकडच्याला."

"तू उजवीकडच्याला म्हणालीस."

"मी कशाला उजवीकडच्याला म्हणेन?"

"तू जिन्याकडे तोंड करून उभी होतीस. मी जिन्याकडे पाठ करून."

हा वाद अजून मिटलेला नाही आणि मिटू नये अशीच माझी इच्छा आहे. हिवाळ्यात त्याची ऊब चांगली असते.

पण माझा मेळ अजून पुरा लागला नव्हता. गाडीचं तेल रोलरच्या डब्यात गेलं असेल, तर ते गेलं कुठे? मी वहिनीकडे वळले. "वहिनी, रोलरच्या पेटीत तेल कधी बदललंस?"

वहिनीचं तोंड पडलं. आणि मग, भर अंगणात, उशीच्या गुलाबी अभ्र्याशेजारी उभं राहून तिने सगळं सांगितलं. थंडीच्या आधी तिने पिवळ्या चिंधीच्या डब्यातलं तेल पेटीत भरलं. त्यानंतर रोलर गुरगुरायला लागला. जरा वेग दिला की दात खायचा. तिला वाटलं आपण त्याचं वाटोळं केलं, कारण वसतिगृहाच्या जाड गोधड्या त्यातून काढू नकोस असं दादाने बजावलं होतं आणि तिने त्या काढल्या होत्या. मुलगा तर प्रत्येक फोनवर म्हणतच होता, "विका तो म्हातारा रोलर." म्हणून ती पहाटे उठायची, दार लावायची, आणि कुणाला आवाज जाऊ नये म्हणून रोलर अगदी हळू चालवत दिवसाच्या चादरी काढायची.

"म्हणून गाडीत येत नव्हतीस?" दादाने विचारलं.

"तुम्हाला काय वाटलं?"

दादा अभ्र्याकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, तुला कंटाळा आला."

"कशाचा?"

"त्याच त्या रस्त्याचा."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मी खिडकीवर बसून पुष्कळ माणसं बघते. कमी मोजणारी, जास्त सांगणारी, दुसऱ्याची चादर आपली म्हणणारी. पण एकाच वेळी दोघांनी आपापल्या गठ्ठ्यात दुसऱ्याची चादर लपवून ठेवावी आणि दोघांनी मनाशी म्हणावं की माझीच हरवली, हे मी पहिल्यांदा बघत होते. त्याचं जाड तिच्याकडे असायला हवं होतं, तिच्याकडचं पातळ त्याच्याकडे. सगळं घरातच होतं. आतबाहेर काहीच झालं नव्हतं.

"वन्सं, तुम्ही हसू नका," वहिनी म्हणाली.

"मी कुठे हसतेय," मी म्हटलं, आणि दादाने माझ्या कानाकडे बोट दाखवलं.

रविवारी काम झालं. गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली, डबीकडे तेल परत आणणारी नळी सोडवून जाड तेल भांड्यात काढलं. सूनबाई आत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिली आणि दादा वरून डबीत नवं तेल ओतत, "डावीकडे, आता उजवीकडे, सावकाश," असं ओरडत राहिला. नळीतून आधी काळं आलं, मग गढूळ, मग बुडबुड्यांचं, आणि शेवटी स्वच्छ लाल. मग रोलरची पेटी. ती उघडताना वहिनी दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहिली. दादाने आतल्या चक्रांचे दात बघितले, बोट फिरवलं. "थोडे झिजलेत," तो म्हणाला, "पण माझ्यापेक्षा कमी." जाड तेल घातल्यावर रोलर पहिल्यासारखा चालला नाही, पण गुरगुरणं कुरकुरीवर आलं. तेवढी कुरकुर या घरात सगळेच करतात.

एवढं झालं तरी किल्ली मिठाच्या बरणीपाशीच होती. रविवारी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी मीठ घेताना तिला वळसा घातला. दादा ती आपण होऊन उचलणार नव्हता. बोललेला शब्द त्याला गिळता येत नाही. शिवाय गाडीचा कस थंडीतच लागायचा होता, आणि ढकलगाडी त्याच्या डोक्यातून गेली नव्हती.

सोमवारी पहाटे शनिवारपेक्षा कडक गारठा होता. मी खाली आले तेव्हा सूनबाई कोट घालून दाराशी उभी होती. ठरल्याप्रमाणे फेरी तिची होती. दादा रोलरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर एक चादर, आणि तिची जी अवस्था त्याने केली होती ती सांगण्यासारखी नाही.

वहिनी जिन्यावरून उतरली. खांद्यावर शाल, पायात बाहेरचे बूट. तिने येऊन ती चादर त्याच्या मांडीवरून उचलली, दोन झटक्यांत घडी घातली आणि त्या जागी किल्ली ठेवली.

"उठा," ती म्हणाली. "तुम्हाला घड्यांवर बसवलं तर आठवड्यात गिऱ्हाईक जाईल."

"आणि खांदा खरंच दुखला तर?" दादा म्हणाला. "गाडीचा दोष होता म्हणून माझं वय कमी झालं नाही."

"दुखला तर मला दिसेल. मी शेजारी आहे."

"लगेच सांगशील?"

"उतारावरच सांगेन. उतरवेन आणि सूनबाईला बोलावेन. मग आयुष्यभर घाला घड्या."

दादाने किल्ली मुठीत घेतली. मग उठला. सूनबाईने कोट काढून खुंटीला लावला आणि म्हणाली, "मग मी झोपू का थोडी? माझी दुपारची आहे."

गाडी सुरू झाली. कण्हणं नव्हतं. इंजिनाचा नेहमीचा साधा आवाज, थंडीमुळे जरासा खोल. वहिनी आपल्या जागेवर बसून शाल नीट करत होती. दादाने एक हात चाकावर ठेवला, मग चार बोटं उचलून एकच ठेवलं, आणि चाक फिरवलं. गाडी फाटकातून एकाच वळणात, खांबापासून चांगली लांब, बाहेर पडली.

ती तशीच निघून जायची. पण रस्त्यावर थांबली. दादाने काच खाली केली, एवढ्या गारठ्यात, केवळ मला विचारायला.

"काय चिमणे? पडला का फरक?"

"मला तर काही विशेष दिसला नाही," मी म्हटलं आणि कान खाजवला.